आपल्या जिल्ह्याची तारीख

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात. मराठीत तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस. उर्दू शाळेतल्या सातवीच्या मुलांना मी विचारले, ‘तारीख कुठे घडली?’ दिल्ली, आग्रा, हैदराबाद, रायगड अशी उत्तरे आली. वाशीम कुणीच म्हटले नाही. ज्या मुलांना उद्या कुणीतरी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारणार आहे, त्यांना स्वतःच्या पायाखालची माती ठाऊक असायलाच हवी. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्कूटी काढली. ‘अकेली जाएगी?’ अम्मीने विचारले. सोबत असली की गप्पा होतात, पाहणे राहून जाते, असे सांगून मी निघाले. वाटेत पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवरही हाच प्रश्न आला, पण चहा सगळ्यांनी आदराने दिला.

सुरुवात वाशीमपासूनच केली. हे वाकाटकांचे वत्सगुल्म, त्यांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा मजकूर प्राकृतात. एकाच ताम्रपटावर दोन भाषा शेजारी नांदल्या. घरी उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा चांगले उदाहरण कोणते? पुढे ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून ‘बासिम’ येते. नाव बदलले, गाव तेच.

मंगरूळपीरच्या तर नावातच पीर आहेत. हयात कलंदर यांच्या दर्ग्यात फातिहा पढले. तिथे ‘मन्नत’ आणि ‘नवस’ हे दोन्ही शब्द एकाच रांगेत कानावर पडतात.

मानोऱ्यावरून पोहरादेवीला गेले. संत सेवालाल महाराजांचे हे तीर्थ बंजारा समाजाची काशी समजले जाते. इथले बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले. इमारत नगाऱ्याच्या आकाराची आहे आणि ‘नगारा’ हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला आहे. तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून मीठ वाहिले, धान्य वाहिले. मोगल फौजांची रसदही त्यांच्यावर अवलंबून असे. त्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नव्हती. गाण्यांत आणि कशिद्यात त्यांनी आपली तारीख जपली. एक आजी नातवाला बोट धरून सगळे दाखवत होती. तिला पाटी वाचायची गरज पडत नव्हती. मी तिच्या मागेमागेच फिरले.

शेवटचा मुक्काम कारंजा. जुन्या लोकांच्या तोंडी हे ‘बीबीचे कारंजे’. नरसिंह सरस्वतींचे जन्मस्थान इथले, जैनांची जुनी मंदिरे इथली, आणि गावाच्या एका वेशीचे नाव दिल्ली वेस. जवळच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. गर्द झाडी शोधणाऱ्याची इथे निराशा होते, कारण हे गवताळ रान आहे. मी थांबून पाहत राहिले, तेव्हा गवतातून एक काळवीट आणि त्यामागे माद्या उठल्या. असे माळरान लोकांना पडीक वाटते. पण हेच गवत नांगरून टाकले तर काळवीट जाईल कुठे?

आपल्या घरांतले जुने कागदही असेच पडीक समजले जातात. लोखंडी पेटीत सनदा असतात, फारसीतले निकाहनामे असतात, मोडीतली खतपत्रे असतात. कुणाला वाचता येत नाहीत म्हणून घर रंगवताना रद्दीत जातात. बंजारा समाजाने लिपी नसताना आपली आठवण टिकवली आणि तिला घर मिळवून दिले. आपल्याकडे तर कागद आहेत. सुट्टी संपायच्या आत ती पेटी एकदा उघडा. मोबाइलवर फोटो काढा, घरातल्या थोरल्यांना विचारून कागदावर कुणाकुणाची नावे आहेत ती लिहून ठेवा. फारसी किंवा मोडी जाणणारा माणूस पुढे सापडेल. विकलेला कागद मात्र परत मिळत नाही.