राहिलेले टाके

माझ्या लग्नात मायने एक पत्र्याची पेटी दिली होती. दर दसऱ्याला ती अंगणात काढायची, आतल्या कपड्यांना ऊन द्यायचे, कडुलिंबाचा जुना पाला झटकून नवा घालायचा आणि झाकण मिटायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पेटीत तीन गोधड्या होत्या. ‘होत्या’ म्हणताना जीभ थोडी अडखळते, कारण तिन्हींपैकी एकही पुरी नव्हती. गोधडी ही वस्तू अशी आहे की ती अर्धी असेपर्यंत निव्वळ चिंध्यांचा ढीग असते. अर्ध्या भाकरीने अर्धी भूक तरी भागते, पण अर्ध्या गोधडीने अर्धी थंडी भागत नाही.

मला दोन धंदे आहेत. सकाळी गावातल्या बालवाडीत मुलांना अक्षरे गिरवायला लावते आणि रात्री कादंबरी लिहिते. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. तेही पुढे चालायचे होते, पण राहिले. दोन कादंबऱ्या छापून झाल्या. तिसरी अकराव्या प्रकरणात रुतून बसली आहे. तेव्हा अर्धवट राहणाऱ्या कामांविषयी बोलायला माझ्याइतके अधिकारी माणूस शोधून सापडणार नाही.

गेल्या दसऱ्याला पेटी उघडली तेव्हा मुलगी जवळ होती. ती नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेते. सुटीत आली होती. तिन्ही गाठोडी पाहून ती म्हणाली, “आई, दरवर्षी तू यांना ऊन दाखवतेस आणि परत तुरुंगात टाकतेस. मंडईला पाहुणे आले म्हणजे पांघरुणं मागत शेजारी मीच फिरायची का?”

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमचा गोंदिया जिल्हा १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण दिवाळी दोघांची अजून एकच आहे. पाडव्याला गायगोधन होते आणि भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बाजार, रात्री नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावच्या प्रत्येक घरी लेकी, जावई, साडू, सोयरे येऊन थडकतात. नाटक संपते पहाटे, आणि मग ही सारी सेना एकदम झोपायला मागते. धानाची तणस अंथरायला मिळते. प्रश्न असतो पांघरायचा. आमच्याकडची थंडीही साधीसुधी नाही. विदर्भातल्या गारठ्याची बातमी आली की त्यात गोंदियाचे नाव बहुधा असतेच.

मुलीचे बोलणे लागले. मी तिन्ही गाठोडी आत नेली, चाळिशी डोळ्यांवर चढवली आणि सोपे काम आधी घेतले.

पहिले होते दुपटे. ते मी २००६ साली या मुलीसाठीच सातव्या महिन्यात शिवायला घेतले होते. चार बोटे रुंदीचे धावदोरे घालून झाले आणि पोर दुपट्याच्या आधीच येऊन पोचली. मग दुपटे शिवायला वेळ कुठला? पोर उघडी का राहिली असेल! मायने दुसरे दुपटे आणले, तिचे बालपण त्यात गुंडाळले गेले, आणि हे मात्र पेटीत एकोणीस वर्षे लहानच राहिले. आता ते तीन संध्याकाळींत झाले. मुलगी ते अंगावर धरून म्हणाली, “गुडघ्यापर्यंत तरी येतंय!”

दुसरे काम माझ्या हौसेचे. गावच्या शिंप्याकडून शाळेच्या गणवेशाच्या कातरणी मागून आणल्या होत्या; निळे चौकोन आणि पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखी गोधडी करायची होती. पण गोधडीला लागते जुने सुती कापड. शंभर वेळा धुऊन मऊ झालेले. ते सुईला वाट देते, एकमेकांना धरून राहते, घाम पिते. नव्या टेरिकॉटमध्ये यातले काही नाही. थर एकमेकांवरून सरकतात आणि सुई हटवाद्यासारखी वाकते. माझ्या चार सुया मोडल्या. शेवटी मी मानापमान सोडला आणि मशीनवर टिपा मारून त्याची बसकर केली. ती आता बालवाडीत अंथरलेली असते. “बाई, ही माझ्या दादाची पँट आहे का?” असा प्रश्न रोज एकदा तरी येतो, आणि मी रोज “असेल” म्हणते.

तिसरे गाठोडे राहिले. खरे तर पहिल्या दोघांना हात घातला तो याला हात लावावा लागू नये म्हणूनच.

ती मायची गोधडी होती. माय २०१६ च्या पावसाळ्यात गेली. ओसरीत बसून ती गोधडी शिवत होती, छातीत दुखते म्हणाली, सुई टोचून ठेवली आणि आत जाऊन पडली. सुई तशीच राहिली. तेराव्यानंतर मायचे सामान वाटले गेले. सामान ते काय! दोन पातेली, एक पाटा, एक हिरवे सुती नऊवारी लुगडे आणि ही गोधडी. लुगडे वहिनीने ठेवून घेतले. गोधडी मी मागितली. ती देताना वहिनी सर्वांसमोर म्हणाली, “न्या ताई. पण तुमच्याच्यानं पुरी होणार नाही.”

हे बोलणे खोटे असते तर मी चार दिवसांत विसरले असते. खरे होते म्हणून आठ वर्षे पुरले. भाऊ दर भाऊबीजेला माझ्याकडे येऊन ओवाळून घेई. मी मात्र माहेरी पाऊल टाकले नाही. आणि गोधडीही शिवली नाही. पेटीला ऊन देताना ती एक घडी मी उलगडत नसे. तशीच उन्हात ठेवायची आणि तशीच उचलायची. वेळ नाही, डोळे दुखतात, दोरा जुळत नाही, अशी कारणे मी स्वतःला सांगत होते. कारण निराळे होते. ती सुई कापडात टोचलेली होती तोवर माय पाणी प्यायला आत गेली होती, एवढेच. सुई काढली असती म्हणजे ती गेली असती.

मुलीने त्या दिवसांत मोबाईलवर मला काही परदेशी गोधड्या दाखवल्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून नदीच्या वळणावरचे एक गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांचे. तिथल्या बायका शेतात घातलेल्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिट्नी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. त्यांतली एक मिसूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये नवरा वारल्यावर शिवलेली. त्याच्या कामाच्या विजारी आणि सदरे घेतले, उसवले, जोडले आणि ती गोधडी अंगावर घेऊन ती निजली. विजारीच्या गुडघ्यांचे विटलेले डाग त्यात तसेच दिसतात. मी ते चित्र पुष्कळ वेळ पाहिले. त्या बाईने दुःख झाल्याबरोबर सुई हातात घेतली; मी सुईकडे पाठ फिरवली. दुःख दोघींचे एकच असेल, पण तिला ऊब मिळाली आणि मला नुसती पेटी.

अखेर मी मायची घडी उलगडली, आणि कपाळावर हात मारला. मधल्या एका पावसाळ्यात कौलातून गळून पेटीत पाणी गेले होते. खालचे अस्तर बाबांच्या धोतराचे. ते बोट लावताच पापडासारखे फाटले. वरचा थर मात्र शाबूत होता आणि मायच्या टाक्यांच्या ओळी कडेपासून आत चौकोनात वळत वळत मध्यापर्यंत आल्या होत्या. प्रत्येक टाका तांदळाएवढा. मध्यावर सुई. ती गंजली होती. ओढली तर येईना. हलवून हलवून काढली तेव्हा कापडावर तपकिरी ठिपका राहिला. मी थोडी रडले. मुलगी शेजारी बसून होती, काही बोलली नाही. परिचारिकेला हे शिकवतात की काय कोण जाणे.

आता नवे अस्तर हवे होते. घरातल्या साऱ्या साड्या धुवायला सोप्या, वाळायला सोप्या आणि गोधडीला निरुपयोगी. सुती, जुने आणि पुरेसे मोठे असे एकच वस्त्र मला ठाऊक होते: मायचे हिरवे लुगडे. नऊ वार लुगड्याचे चार तुकडे करायचे, दोन तुकडे लांबीत दंड घालून जोडले की गोधडीची एक बाजू झाकते. ते लुगडे वहिनीकडे होते.

भाऊबीजेला मी बल्लारशाच्या गाडीत बसले आणि अर्जुनीला उतरले. भाऊ स्टेशनवर मोटारसायकल घेऊन उभा होता. रस्त्याने दोन्ही बाजूंना हलके धान कापून पडलेले होते. घरी पोचल्यावर भावाला ओवाळले. वहिनी “बसा ताई” म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. इतक्या वर्षांनी येणाऱ्या माणसाला आणखी काय म्हणायचे असते? तिची सून बाळंतपण होऊन दोन महिने झाले होते. मी ते एकोणीस वर्षांचे दुपटे काढले आणि बाळाला घालायला वाकले.

बाळाच्या खाली मायचे हिरवे लुगडे होते. म्हणजे त्याची बाळुती होती. दोरीवर आणखी सात-आठ वाळत होती, काठासकट कापलेली.

मला काय झाले ते सांगत नाही. एवढेच की मी हात मागे घेतला आणि माझा चेहरा वहिनीने पाहिला.

ती म्हणाली, “काय करू ताई? लेकरू झालं अन् घरात एक सुती चिंधी नव्हती. सारं पॉलिस्टर. पोराच्या अंगावर पुरळ आलं. मी दोन रात्री पेटी उघडत होते अन् मिटत होते. मंग कापलं.” थोडे थांबून तिने खालच्या मानेने जोडले, “पाऊण कापलं. पाव ठेवलं आहे. तुम्ही कधी मागाल म्हणून.”

पेटी उघडत होते अन् मिटत होते. हे वाक्य मी आठ वर्षे माझ्या घरी जगत होते. मला एकाएकी हसू आले आणि मग वहिनीलाही. माय असती तर तिने हे लुगडे दुसऱ्याच दिवशी टराटरा फाडले असते, दोन रात्री जाऊ दिल्या नसत्या. तिच्या हिशेबी कापडाला तीन जन्म: अंगावर, बाळाखाली, आणि उरले तर गोधडीत. पूजेला लावायचा चौथा जन्म तिला माहीत नव्हता.

वहिनीने उरलेला पाव भाग आणला, आणि लग्नातले एक सुती पातळ काढले. विटके, जांभळे. दोन्हींना दंड घालून अस्तर झाले: अर्धे हिरवे, अर्धे जांभळे. ओसरीत ते पसरले, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा ठेवल्या, वर मायची गोधडी अंथरून लांब टाक्यांनी टाचली. दोरा मात्र मिळताजुळता मिळेना. मग हिरव्या काठातले धागे उसवून घेतले. बंगालात कांथा शिवणाऱ्या बायकाही पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच दोरा काढीत. मायचे टाके आम्ही उसवले नाहीत. तिच्या दोन ओळींच्या मधून आमची एक ओळ घालीत गेलो. एका कडेने मी, समोरून वहिनी.

वहिनीचा टाका गव्हाएवढा. मी दोनदा तिकडे पाहिले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “ताई, तुमचा टाका बारीक आहे, खरं आहे. पण माझी ओळ तुमच्या चार बोटं पुढं आहे.” मी मुकाट्याने सुई चालवली.

मी गेले होते एका दिवसासाठी आणि राहिले पाच दिवस. त्या गावची मंडई झाली, नाटक झाले, पाहुण्यांनी ओसरी भरली आणि गोधडी काही त्या रात्रीपर्यंत पुरी झाली नाही. अकरा पाहुणे शेजारच्या पांघरुणांत झोपले. ती पुरी झाली मार्गशीर्षात, माझ्या दुसऱ्या खेपेला. शेवटची गाठ कुणी मारायची यावर थोडी ओढाताण झाली. “तुम्ही मारा, पुरी होणार नाही असं मी म्हणाले होते,” वहिनी म्हणाली. ते वाक्य तिच्याही लक्षात होते तर! मी गाठ मारली. मधला गंजाचा ठिपका धुतल्यावरही गेला नाही; आम्ही त्यावर ठिगळ लावले नाही.

आमच्या विदर्भातल्या गाडगेबाबांना लोक चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. अंगावर चिंध्यांचेच पांघरूण असे. त्या माणसाने काही पेटीत ठेवले नाही, सारे वापरून टाकले. मला इतके साधायचे नाही. पण परतल्यावर मी अकरावे प्रकरण बाहेर काढले आणि टेबलावर उघडे ठेवले. रोज चार ओळी होतात. गव्हाएवढ्या.

गोधडी मी वहिनीकडेच ठेवली. घर मायचे, ओसरी मायची. माझ्या मनात होते की ती दिवाणावर नीट घडी घालून राहील, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली जाईल. पण आठवड्याभरात वहिनीचा फोन आला. रात्री थंडी फार पडली म्हणून नातवाला त्या गोधडीत घेतले होते आणि त्याने ती अगदी अस्तरापर्यंत भिजवली. आता तारेवर वाळत आहे.

“रागावू नका ताई,” ती म्हणाली, “गोधडी वापरात आली.”