टिटवाळ्याची सनई आणि जुन्या चित्रांतील वऱ्हाड

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, काळू नदीच्या काठी टिटवाळा वसले आहे. येथील महागणपती ‘विवाहविनायक’ म्हणून ओळखला जातो. जुळत नसलेले विवाह येथे जुळतात आणि दुरावलेली जोडपी एकत्र येतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेचे मूळ शकुंतलेच्या कथेत आहे. कण्वांचा आश्रम येथे होता आणि पतीने विसरलेल्या शकुंतलेने येथेच गणेशाची आराधना केली, असे स्थानिक परंपरा सांगते.

पायातील काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी राजा रविवर्म्याची शकुंतला घरोघरी परिचित आहे. तिच्या विवाहात मात्र एकही वाद्य वाजले नाही. गंधर्व हे स्वर्गातील गायक. पण गांधर्व विवाहाला ना सनई, ना चौघडा, ना साक्षीदार! राजाला विसर पडला तेव्हा साक्ष द्यायला अंगठीखेरीज काही उरले नव्हते. मंगलवाद्य हे केवळ मनोरंजन नसते. ‘हा विवाह झाला’ अशी ती गावासमोर दिलेली ग्वाही असते.

ही ग्वाही जुन्या चित्रांत जपली गेली आहे. अकबरनाम्याच्या लंडनमधील प्रतीत १५६१ सालच्या आग्र्यातील एका विवाहोत्सवाचे चित्र आहे. अशी चित्रे पाहताना वादकाच्या हातांकडे लक्ष द्यावे. चर्मवाद्य टिपरीने वाजते की तळहाताने, फुंकवाद्याचे तोंड किती रुंद, वादक चालतो की बसतो, यावरून वाद्याची ओळख पटते. मात्र चित्रकार जुन्या नमुन्यांवरूनही आकृत्या काढत. त्यामुळे एका चित्रावर विसंबू नये. दुसरे चित्र, शिल्प आणि ग्रंथ यांचा ताळा घ्यावा. खतावणी रोजकीर्दीशी जुळवून पाहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

टिटवाळ्याहून लोकलने मुंबईस गेले की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय फार दूर नाही. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या त्याच्या संग्रहात आहेत. पंधराव्या शतकातील ‘देवसानो पाडो’ कल्पसूत्राच्या तर समासांतही नृत्य आणि संगीताच्या आकृत्या रंगवल्या आहेत. याच कथापरंपरेत नेमिनाथांची वरात येते. वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी अबूच्या पहाडावर उभारलेल्या, १२३१ मध्ये प्रतिष्ठा झालेल्या लूणवसहीच्या छतावर ती दगडात कोरली आहे. तेथे नर्तक-वादक आहेत, विवाहमंडप आहे आणि भोजनासाठी कोंडलेले पशूही आहेत.

उत्तराध्ययनसूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात या वरातीच्या वाद्यांचा घोष गगनाला भिडल्याचे वर्णन आहे. तरीही नेमिकुमारांचे लक्ष भयभीत पशूंकडे गेले. त्यांनी सारथ्याला कारण विचारले आणि ते परतले.

आज टिटवाळ्यात लग्नसराईत सनईच्या जोडीला बँड आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती असतात. वाद्ये काळानुसार बदलतात. त्यात वावगे काही नाही. पण घरच्या लग्नाचा बेत आखताना दोन्ही कथा आठवाव्यात. वाद्य इतके तरी वाजावे, की विवाहाला साक्ष मिळावी. आणि इतकेही वाजू नये, की शेजारच्या आजाऱ्याचे कण्हणे वा मुक्या जिवाची भीती कोणाच्या कानी पडू नये.