आईचा शनिवार

काष्टी,
शनिवार, रात्री

प्रिय दोस्ता,

पोरीला आपलं गाव कसं समजावून सांगू, असं तू फोनवर विचारलंस. मी तर तिला शनिवारच सांगेन. भीमा, दौंडचा पूल, ऊस हे सगळं मागाहून. शनिवारचा जनावरांचा बाजार अजून भरतो रे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद होता आणि 2022 ला लम्पी रोग आला तेव्हा राज्यातले सगळेच जनावरांचे बाजार बंद झाले होते. त्या शनिवारी गावात फिरताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

शनिवारची सकाळची शाळा आठवते ना? घंटा झाली की दप्तरं तुझ्या आजीच्या ओट्यावर टाकायची आणि धूम ठोकायची. सांगोल्याकडची खिलारं, जाफराबादी म्हशी, शेळ्यांचे कळप, मधेच गोडीशेव आणि भज्यांच्या पाट्या. दात बघायला आपण शिकलो ते तिथंच. बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं हळूच ओढायचा. वरच्या जबड्याला पुढं दात नसतातच, हे ऐकून तू केवढा चकित झाला होतास! नुसते दुधाचे दात असले तर आदत, पक्क्या दातांची एक जोडी आली की दुसा, मग चौसा, सहादाती, आणि पाचेक वर्षांचा झाला की जुळला. इंग्रजीचे काळ मला कधी नीट आले नाहीत, पण हे आजही झोपेतून उठवून विचार.

उपरण्याखालचा सौदाही पोरीला सांग. दोघं हातात हात घेतात, वर कापड. किती बोटं धरली त्यावर आकडा ठरतो. शेकड्याचा की हजाराचा, ते जनावर बघूनच दोघांना कळलेलं असतं. भोवती माणसं दाटीनं उभी, पण भाव तिसऱ्याला कळत नाही. इसार हातावर पडला की विषय संपला. मला त्या गुपिताचं फार अप्रूप होतं. आता वाटतं, त्या उपरण्याबाहेर आमच्या आयाही होत्या.

बघ ना. शेण काढायची आई, वैरण टाकायची आई, धारा आईच्या. कुठल्या गायीला कोणत्या सडातून दूध कमी येतं, ते तिलाच ठाऊक. गाय गाभण राहिली की नऊ महिने नऊ दिवस मोजायची आणि व्यायला झाली की रात्री गोठ्यात कंदील घेऊन बसायचीही तीच. आणि विकायची वेळ आली की शनिवारी पहाटे दादा, म्हणजे आमचे वडील, गाय सोडायचे. आई कपाळाला हळदकुंकू लावायची, भाकरीचा तुकडा चारायची आणि घरात निघून जायची. दावं मात्र परत आणायला सांगायची. आमच्यात दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत, गोठ्याची बरकत जाते म्हणतात. दादा संध्याकाळी ते तिच्या हातात द्यायचे. पैशांबद्दल एक शब्द नाही. माझी कॉलेजची फी अशाच एका कालवडीतून भरली गेली, आणि ती कितीला गेली हे आईला आजवर माहीत नाही.

आता बैल कमी झालेत. नांगरट ट्रॅक्टरनं होते. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यावर चांगल्या खिलार खोंडाला पुन्हा किंमत आली, पण ती हौसेची. घर चालतं ते एचएफ गायींवर, डेअरीच्या दहा दिवसांच्या पगारावर. आमचा गोठा आता वहिनी बघते. प्यायलेल्या पाण्यापासून डॉक्टरांच्या इंजेक्शनपर्यंत सगळं तिच्या वहीत असतं.

आज तीच बाजारात गेली, पहिलारू गाय घेऊन. मी नुसता सोबत होतो. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं सवयीनं माझ्यापुढं हात केला, वर टॉवेल टाकला. वहिनी मधे आली. "मामा, गाय माझ्या हातची हाय. काय असेल ते तोंडानं बोला." तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला, मग टॉवेल खांद्यावर टाकून मोठ्यानं आकडा बोलला. वहिनीनं वही उघडून रोजचं दूध वाचून दाखवलं. घासाघीस भरपूर झाली, पण सगळी उघड्यावर. सौदा तिच्या मनासारखा झाला. माझा ऊर भरून आला, दोस्ता, खरंच सांगतो.

घरी आल्यावर वहिनीनं दावं आईला दिलं आणि त्याच्यासोबत नोटाही. "आत्या, मोजा." आईनं बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या. मग तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "गिऱ्हाईक कुठलं होतं? काय म्हणत होतं?" वहिनीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. जेवणं निवली तरी दोघींचं चाललंच होतं.

पुढच्या शनिवारी आई स्वतः येणार आहे. एक कालवड घ्यायची म्हणते. दात मला बघू देणार नाही, तिचं ती बघणार.

पोरीला हे सगळं सांग, आणि काय म्हणाली ते कळव.

तुझाच,
काष्टीचा दोस्त