दीड तोळ्याची गोळी

आमच्या हातून आजवर जे काही जायबंदी झाले ते कागदच. टाचणी, पंच आणि लाल शाई यांपलीकडे दुसरे हत्यार आम्ही कधी चालविले नाही. आणि कोलकात्याच्या कचेरीतील आमच्या सहकाऱ्यांस विचाराल, तर तीही आम्ही फारशा धिटाईने चालवितो असे ते म्हणणार नाहीत. अशा आम्हांस गेल्या श्रावणात बाबांचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, की आपण आता सत्तरी ओलांडली आहे. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणे अशा परवानाधारकास हयातीतच हत्यार वारसाच्या नावे करता येते. तेव्हा आजोबांची रायफल तू घेणार की नाही ते कळव. पत्राखाली आईच्या अक्षरात एकच ओळ होती : "घेऊ नकोस."

वडिलार्जित वस्तूंचा प्रश्न बदलीच्या नोकरीत किती अवघड होऊन बसतो, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्याने देव्हारा न्यावा की शिसवी पाट, यावरच घराघरांतून खल होतो. रायफल तर नव्या गावी पोचण्यापूर्वीच आपली नोंद मागत येते. नकार लिहून मोकळे व्हावे म्हणून आम्ही बसलोही होतो. परंतु बाबांनी सोबत परवान्याची नक्कल पाठविली होती आणि तीत 'बोअर' या रकान्यात '.३७५ मॅग्नम' असे होते. लहानपणी सुट्टीत त्या नळीवरची अक्षरे आम्ही बोटाने चाचपून वाचलेली होती. तेथे '.३७५' नंतर 'अडीच इंच' एवढेच कोरलेले होते, 'मॅग्नम' नव्हते. कारकुनाच्या डोळ्यांस असा फरक दिसला की त्याची झोप जाते.

कचेरीत आमच्या शेजारच्या मेजावर इच्छापूरहून रोज लोकलने येणारे एक गृहस्थ आहेत. हुगळीकाठच्या या गावी सरकारी रायफल कारखाना असल्यामुळे तेथील माणसे बंदुकीविषयी आपण आंब्याविषयी बोलतो तशी बोलतात. त्यांच्या मते जगात एकच बोअर आहे आणि तो म्हणजे इच्छापुरी .३१५, बाकीचे सर्व साहेबाचे लाड. त्यांनीच आम्हांस पहिला धडा दिला. बोअरचा आकडा हा केवळ नळीच्या भोकाचा, इंचाच्या हजारांश भागांत मोजलेला, आणि तोही ढोबळच. काडतूस किती लांब, त्यात दारू किती, गोळी किती वजनाची, यांतले काहीच त्यावरून कळत नाही. नुसते 'कुलकर्णी' म्हटल्याने गाव कळत नाही, तसेच हे. अडीच इंची .३७५ हे १८९९ सालचे. मॅग्नम १९१२ सालचे. आकडा एक, घराणी दोन. थोरल्याच्या रायफलीत धाकट्याचे काडतूस बसतच नाही.

मग आम्ही पूजेच्या सुट्टीस जोडून रजा काढली. हावड्याहून गोंदिया आणि तेथून बालाघाट असा आमचा घरचा रस्ता. मध्य प्रदेशातील घरी जाताना गोंदियास तासभर महाराष्ट्र लागतो. फलाटावरची मराठी उद्घोषणा ऐकून उगाच बरे वाटते. आजोबा १९५६ साली बैहर तहसिलीत नाझर होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, आणि आजोबा जागचे न हलता परप्रांतात जाऊन पडले. आपण सारे बदलीने परगावी जातो. त्यांच्याकडे परगावच चालत आले.

नाझराकडे तिजोरीचा हिशेब असे. त्यामुळे असेल, आजोबांनी रायफलीचाही हिशेब एका वहीत ठेवला होता. बाबांनी ती आमच्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर कार्तिक महिना, सन १९५७ आणि खाली चार ओळी. त्या वेळी त्यांच्याजवळ .३१० बोअरची लहानशी एकबारी रायफल होती. एका गावच्या कोटवाराने शेताची राखण करण्यास बोलाविले म्हणून ते धानाच्या बांधावर मचाणावर बसले. रानडुकराच्या खांद्यावर ढालीसारखे जाड, चिवट कातडे असते. तेथे त्यांची गोळी लागली आणि रुतून राहिली. डुक्कर नाल्यात शिरले. सकाळी आजोबा आणि कोटवार रक्ताच्या मागाने गेले, तेव्हा ते झुडपातून आले ते कोटवाराच्या अंगावरच. आजोबांनी सोडलेली गोळी फुकट गेली. दुसरे काडतूस नळीत सारीपर्यंत कोटवाराची मांडी हाडापर्यंत फाटली होती. त्यास खाटेवर घालून बैहरच्या दवाखान्यात आणले. माणूस वाचला, पाय मात्र जन्माचा ताठ राहिला. वहीत शेवटची ओळ अशी आहे : "दोष बोअरचा नव्हे, माझा. बोअर मी निवडला होता."

पुढची अकरा पाने निवडीची आहेत. सरकारी टिपणीची शिस्त ज्यास ठाऊक आहे त्याने ती वाचावीत. प्रत्येक बोअरपुढे गोळीचे वजन, वेग, आघात आणि शेरा. .३१० पुढे गोळी १२० ग्रेन, आघात अवघा ३८४ फूट-पौंड, शेरा : "ससा, मोर. याउपर पाप." .३०३ पुढे : "लष्करी बोअर, खासगी परवान्यावर अशक्य." मार्टिनी-हेन्रीच्या .५७७/४५० पुढे गोळी तब्बल ४८० ग्रेनची, पण काळी दारू. धूर इतका की जनावर पडले की पळाले ते दिसू नये. .४५० च्या पुढे आजोबांनी थोडा इतिहासच लिहिला आहे आणि तो वाचून आमच्यातील कारकून सुखावला. सरहद्दीवरील बंडखोरांच्या हाती मार्टिनी रायफली होत्या. त्यांस गोळ्या मिळू नयेत म्हणून सरकारने १९०७ साली .४५० बोअर हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. विलायतेतील बंदूकवाल्यांनी काय करावे? बंदी .४५० वर आहे ना, मग घ्या .४६५, घ्या .४७०, घ्या .४७५! वाघ तोच, हत्ती तोच. एका आदेशापायी नव्या बोअरांची रांग लागली. बोअर जनावर पाहून ठरतो असे शिकारी सांगतात. आम्हांस वाटते, आपल्या देशात तो बहुधा फाइल पाहूनच ठरला.

बारीक बोअरच्या बाजूचेही आजोबांनी वाचले होते. आफ्रिकेत बेलसाहेबाने .२७५ ने शेकडो हत्ती मारले. कॉर्बेटसाहेबास चंपावतची वाघीण मारल्याबद्दल लेफ्टनंट गव्हर्नराने दिलेली रायफलही.२७५ चीच. लांब, बारीक गोळी खोल जाते, हे त्यांस मान्य होते. शेरा एवढाच : "नेम बेलचा असेल तर."

स्नेह्यांनी पाच काडतुसांच्या खजिन्याची .३१५ घ्यावी असा आग्रह धरला. दुसरी गोळी तयार असती तर कोटवाराचा पाय वाचला नसता काय? प्रश्न रास्त होता, आणि आम्हांसही तो आजवर पुरता सुटलेला नाही. आजोबांचे उत्तर असे, की कोटवाराचा पाय सकाळी गेला नाही, आदल्या रात्रीच गेला. पाच गोळ्या जवळ असल्या की पहिली सैल सुटते. त्यांनी एकबारीच ठेवण्याचे ठरविले आणि तेथून पुढची निवड आपोआप आखडत गेली. एकबारीत चापाखालची दांडी ओढली की मागचा ठोकळा उतरतो आणि आकडा रिकामी पुंगळी मागे ओढतो. त्याला धरावयास पुंगळीच्या बुडाशी कडा हवी. तेव्हा बिनकडेची काडतुसे बाद. वैशाखात काडतुसे तापली की आतील कॉर्डाइटचा दाब चढतो आणि पुंगळी नळीत घट्ट बसते. तेव्हा मुळातच जास्त दाबाची काडतुसे बाद. .४५०/४०० दोन्ही कसोट्यांस उतरत होते, पण त्याचे ओझे, खांद्यावरचा धक्का आणि काडतुसाची किंमत नाझराच्या पगारास झेपणारी नव्हती. उरले अडीच इंची .३७५ : गोळी २७० ग्रेन, आघात २,३४०, म्हणजे .३१० च्या सहापट. जबलपुरास देश सोडून गेलेल्या एका साहेबाची तशी एकबारी विकाऊ होती. ती वीस काडतुसांसह १९५८ साली घरी आली.

१८० ग्रेनचा एक तोळा. तेव्हा २७० ग्रेन म्हणजे बरोबर दीड तोळा. आजोबांनी हे कौतुकाने आजीस सांगितले, तेव्हा ती म्हणाली म्हणे, "अहो, माझ्या गळ्यातल्या पोतीतसुद्धा एवढं सोनं नाही!" बाबा त्या वेळी आठ वर्षांचे होते आणि हे वाक्य त्यांस अजून जसेच्या तसे आठवते. कोटवाराच्या घरी दर महिन्यास जाणाऱ्या पैशांची नोंदही त्याच वहीत, शेवटून उलट्या बाजूने आहे; ती आजीस दाखविली होती की नाही, ते बाबांस सांगता आले नाही.

वीस काडतुसांपैकी सात खर्ची पडली. दोन नेम पाहण्यास. तीन डुकरांवर, तिन्हीपुढे "जागीच". एकीपुढे "चुकली. रक्त नाही. दोन दिवस पाहिले, रक्त नाही." सातवी १९६९ सालची : "डुक्कर. जागीच. कोटवार सोबत होता." १९७२ च्या कायद्याने शिकार मिटली. शिवाय विलायती कारखान्यांनीही १९६० च्या दशकात असली जुनी काडतुसे करणे एकामागून एक थांबविले होते. पुढची पाने कोरी आहेत.

खरे सांगावयाचे तर आम्हांस मोह झाला. झुरळ दिसले की पत्नीस हाक मारणारे आम्ही, दोन महिने रात्री जागून फूट-पौंडांची गणिते करीत होतो. ही एवढी विचारपूर्वक केलेली निवड परक्याच्या कोठारात गंजत पडावी हे मनास पटेना. पण अर्जात कारणाचा रकाना होता. पीक-संरक्षण? आमचे पीक म्हणजे प्रलंबित प्रकरणे. आजोबांनी अकरा पाने लिहून जे ठरविले, त्यापुढे आम्हांस एक ओळही लिहिता येईना.

बाबांस हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे त्यांनी परवान्याचे नूतनीकरण केले, दर दसऱ्यास नळीत तेलाचा बोळा फिरविला, आणि चाप एकदाही ओढला नाही. त्या दिवशीही बोळा फिरवून झाल्यावर ते म्हणाले, "तो 'मॅग्नम' शब्द मीच घातला होता. बयाऐंशी साली अर्ज भरताना. भारदस्त वाटला."

ठाण्यात मोहर्रिराने रायफल उलटसुलट पाहिली आणि विचारले, "तीन सौ पंद्रह है न?" आम्ही नळीवरची अक्षरे त्यास वाचून दाखविली. परवान्यावर निराळे कसे, असे त्याने विचारताच बाबांनी खुलाशाचा कागद पुढे केला. तो त्यांनी घरूनच लिहून आणला होता. काडतुसे मोजली. तेरा भरली. पावती घेऊन घरी आलो, तेव्हा आई अंगणात वाट पाहत होती. तिने काही विचारले नाही. बाबांनी वही उघडून खर्चाच्या बाजूस "१३ – जमा, ठाणे" असे लिहिले, शिलकेच्या रकान्यात शून्य मांडले आणि सहीसाठी लेखणी आमच्या हाती दिली.