नांदगावकडची गाडी

भिलाईतल्या कुरुदहून पॉवर हाऊस स्टेशनला यावे आणि पश्चिमेकडची गाडी धरावी. दुर्ग मागे पडते, शिवनाथ ओलांडली जाते, आणि दुर्गापासून तीसेक किलोमीटरवर राजनांदगाव येते. इकडची माणसे त्याला नुसते नांदगाव म्हणतात. पुढे डोंगरगड, गोंदिया, नागपूर. खिडकीतून दिसते ती धानाची शेते, तळी, मध्येच एखादी गिरणीची चिमणी. मराठी भक्तिगीतांच्या इतिहासातली एक मोठी घटना याच वाटेवर घडली, असे सांगणारे या वाटेवर काहीच दिसत नाही.

साल १८९३. नागपूरची नोकरी सुटलेला बत्तिशीच्या आसपासचा एक चित्पावन ब्राह्मण नागपुराहून राजनांदगावला निघाला होता. संस्कृत पक्के, वाणी कीर्तनकाराची, खिसा बहुधा रिकामा. घर सोडून भटकण्याची सवय लहानपणापासूनची. दापोलीजवळच्या करजगावी जन्म, आईचा मृत्यू, मग नाशकात विद्या, आणि पुढे एक गाव धरून राहणे ठाऊक नाही. डब्यात त्याला अर्नेस्ट वॉर्ड नावाचा गोरा मिशनरी भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर आले. वॉर्डने हातात नवा करार ठेवला आणि म्हटले, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. परक्या माणसाने गाडीत वर्तवलेले असले भविष्य कोण मनावर घेतो? नारायण वामन टिळकांनी पुस्तक मात्र घेतले. वाचताना डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना.

राजनांदगाव तेव्हा बैरागी महंतांचे संस्थान होते. या संस्थानी गावात टिळकांनी पोटापाण्याची नोकरी केली आणि मनात दुसरेच काही शिजत ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वॉर्डचा अंदाज फारसा चुकला नाही.

तेव्हा भिलाईचे हे कारखान्याचे शहर नव्हते, कुरुद हे शेतांतले खेडे. पोलादाचा करार १९५५चा, पहिली झोतभट्टी पेटली १९५९ साली. आज देशभराच्या गाड्या धावतात ते रूळ इथे ओतून-लाटून तयार होतात. कारखान्याने विदर्भातली मराठी घरेही इकडे आणली. रविवारची उपासना मात्र भिलाईत कुठे हिंदीत, कुठे मल्याळममध्ये. छत्तीसगडची जुनी ख्रिस्ती वस्ती त्याआधीची, पण तीही मराठी नव्हे. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने सतनामी लोकांमध्ये काम सुरू केले ते १८६८ साली, बिश्रामपूरला. म्हणजे टिळकांचे मन जिथे वळले, त्या मुलखात त्यांची भजने गाणारे जवळपास कोणी नाही. ती गायली जातात अहमदनगर, राहुरी, सातारा, सोलापूर, मुंबईच्या देवळांत.

राजनांदगावने कवी जपले नाहीत असे नव्हे. दिग्विजय महाविद्यालयाच्या परिसरात ‘त्रिवेणी’ नावाचे तीन लेखकांचे स्मारक आहे. बलदेवप्रसाद मिश्र, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि गजानन माधव मुक्तिबोध हे ते तिघे. मुक्तिबोध तर मराठी घरातले, शरच्चंद्र मुक्तिबोधांचे थोरले भाऊ. घरात मराठी, लेखणीत हिंदी. त्यांची आठवण गावाने ठेवली ते योग्यच, ते इथे राहिले, इथे शिकवले. टिळक इथे थोडेच दिवस टेकले आणि लिहिले ते पुढे, नगरला. तरी मन चुटपुटते.

भजन लिहिणाऱ्याचे नशीबच असे. कादंबरी वाचणारा मुखपृष्ठावरचे नाव वाचतो. भजन गाणारा पान उघडतो, क्रमांक पाहतो, पेटीचा सूर धरतो. कडवे पाठ झाले की पुस्तकही मिटते. लग्नात, मौतीत, आजाऱ्याच्या उशाशी तोंडून निघते ते आपलेच वाटते. थॉमस स्टीफन्सच्या वाट्याला याहून कठोर आले. विल्टशायरचा हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, मराठीला हिऱ्या-रत्नांच्या पंक्तीत बसवून त्याने ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६, १६४९, १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांतली एकही प्रत उरली नाही. पुराण जगले ते हस्तलिखितांतून, १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले जाईपर्यंत. पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर १६८४ साली वरवंटा फिरवला, तरीही. स्टीफन्स १६१९ साली गेला, टिळक १९१९ साली. मधली तीनशे वर्षे मोजली की छातीत काहीतरी हलते.

नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळेही असेच. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांनी मळवली, भजनेही लिहिली, आणि आज ‘सांगळे’ म्हटल्यावर मंडळीबाहेर किती जण मान वर करतील? त्याआधी इंग्रजी चाली आणि ओढूनताणून बसवलेले मराठी शब्द अशी बरीच उपासना चालायची. शब्द बिचारे सुरामागे लंगडत जायचे. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, ज्या चालींवर आपली आजी जात्यावर बसे त्या चालींवर येशूला बसवले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. या वाक्याने दोन्हीकडचे कडवे लोक सारखेच नाराज होत असावेत, म्हणूनच मला ते आवडते. शंभराहून जास्त भजने त्यांच्या नावावर आहेत. निकोल मॅक्निकल यांनी भाषांतरित केलेले त्यांतले एक इंग्रजी भजनसंग्रहांतही गायले जाते.

पण त्या भजनांचा हिशेब एकट्या टिळकांच्या खात्यात मांडता येत नाही. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजे लक्ष्मीबाई, लहान मुलाला, दत्तूला, घेऊन मागे राहिली. नाशिक, पंढरपूर. लोकांचे टोमणे, सोवळे-ओवळे, आणि विधवा नाही, सवाशीण म्हणावी तर नवरा जिवंत असून घरात नाही, अशी पाचेक वर्षे. पुढे ती टिळकांकडे गेली आणि १९०० साली राहुरीला तिचाही बाप्तिस्मा झाला. तो नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हिशेबाने. भजनातला शरणागतीचा सूर गोड लागतो, पण त्या सुराचे भाडे कोणी भरले ते ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र वाचल्यावर कळते. बाईंनी तेही हसत सांगितले, हा त्यांचा मोठेपणा.

टिळकांच्या नगरच्या घरात कवी बालकवीही राहून गेले, पोरासारखे. भादलीजवळ ५ मे १९१८ रोजी रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. टिळक त्याआधीच, १९१७ साली, मिशनच्या नोकरीतून मोकळे झाले होते आणि ‘देवाचा दरबार’ उभा करत होते. चर्चच्या चौकटीबाहेर, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला. ख्रिस्ती माणसाची चिता, त्या काळात! हयातभर ज्या देशीपणासाठी भांडले, तो शेवटी लाकडावरही सोडला नाही.

मागे राहिले अपुरे ‘ख्रिस्तायन’. टिळकांनी ते १९०९ साली हाती घेतले, आणि जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले. जोडाक्षरांशी कधी फारसे न जमलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढचे ६४ अध्याय रचले, आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ छापून आला १९३८ साली.