दिवे लागताना जैसलमेर

जैसलमेरला पोस्टिंग आलेला नवा माणूस पहिल्या आउटपासला किल्ल्यात जातो आणि दुसऱ्या आउटपासला व्यास छत्रीवर. रामगढ रस्त्याच्या बाजूला एका उंचवट्यावर पिवळ्या दगडाच्या छत्र्या आहेत. ही मूळची स्मशानभूमी, आता मात्र सगळे तिला सनसेट पॉइंट म्हणतात. सूर्य आपल्या पाठीमागे मावळतो आणि समोर त्रिकूट टेकडीवरचा किल्ला उजळतो.

डिसेंबरात इथं सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. अरुणाचलात होतो तेव्हा साडेचारलाच दिवस संपायचा. घड्याळ देशभर एकच, सूर्याला कुठली ड्यूटी! मावळतीच्या आधी टेकडीवर जत्रा असते. त्यात बंगाली पर्यटक हमखास. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ १९७४ साली आला, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी माणसं तो सोन्याचा किल्ला शोधत येतात. आणि त्यांना तो मिळतोही. शेवटच्या पाच मिनिटांत दगड असा काही पेटतो की मोबाइलवालाही कॅलेंडरचा फोटो काढून जातो. मग सूर्य बुडतो आणि सगळे खाली टॅक्सीकडे पळतात.

मी नव्या पोरांना सांगतो, तेव्हाच बसून राहा.

त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. आकाश निळं होत जातं आणि खाली एकेक दिवा लागत जातो. एका क्षणी आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड सारखा होतो. आधी क्लिक केलं तर दिवे दिसत नाहीत, उशीर झाला तर आकाश काळं. ट्रायपॉड हवाच. वाऱ्यानं तो हलतो, म्हणून मी मधल्या दांडीला पिठ्ठू अडकवतो. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८, मग शटर दोन सेकंदांपासून वाढवत न्यायचं. लेन्स मात्र टेकडीवर बदलायची नाही, रेती आत गेली की कॅमेऱ्याचं राम नाम सत्य.

खरं तर फौजी माणसाला ही वेळ नुसतं बघत बसण्याची नसते. पहाटे आणि सांजेला स्टँड-टू. हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं, कारण उजेड बदलतो तेव्हा शत्रू येतो. लोंगेवाला इथून साधारण १२० किलोमीटर. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे आले, तेव्हा जैसलमेरची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीनं उजाडेपर्यंत चौकी धरून ठेवली आणि पहिल्या उजेडात विमानं आली. अख्खी लढाई उजेडावर अडली होती. त्यामुळे व्यास छत्रीवर अंधार पडायला लागला की माझा उजवा हात अजूनही उगाच खांद्यावरची स्लिंग चाचपतो, आणि त्याला कॅमेऱ्याचा पट्टा लागतो.

ज्या दिव्यांसाठी मी थांबतो ते किल्ल्याच्या आतले. तटावरचे सरकारी फ्लडलाइट नव्हेत. रावळ जैसलनं ११५६ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याला ९९ बुरूज आहेत आणि आत आजही वस्ती आहे. खिडकीत ट्यूबलाइट लागते, गच्चीवर कुणी कपडे काढायला येतं. आपल्याकडे पन्हाळ्यासारखे अपवाद सोडले, तर सांज झाली की गड मुका होतो. रायगडाच्या टकमकावरून अंधार पडताना पाहिलाय मी. दिवे दिसतात ते खालच्या गावांतले. २०२५ मध्ये आपले किल्लेही युनेस्कोच्या यादीत गेले, अभिमान वाटला. पण तिथं चूल पेटत नाही याचं जरा वाईट वाटतंच. अर्थात इथं चूल पेटते त्याची किंमतही किल्लाच देतो. नळ आले, सांडपाणी वाढलं, ते खालच्या मऊ थरात मुरतं आणि तट सुटतो. काही भाग ढासळलेही आहेत. माझ्या फोटोतली प्रत्येक उजळ खिडकी म्हणजे एक मोरीही आहे.

याच २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, जैसलमेरात ब्लॅकआउट झाला. तेव्हा मी या भागातच होतो. कुठं, ते सोडा. किल्ला जिथं असायला हवा तिथं नुसतं आकाश संपलेलं दिसत होतं. बाजारातले एक म्हातारे दुकानदार मला नंतर म्हणाले, “फौजी, इकहत्तर में लालटेन थी, फूंक मार दी, हो गया. अबकी बार तो इन्वर्टर ढूंढ-ढूंढ के बंद किए.” त्या रात्रीचा फोटो माझ्याकडे नाही, आणि असता तरी इथं टाकला नसता.

सोबतचा फोटो परवाचा, सहा वाजून अठरा मिनिटांचा. चौकट एका बाजूनं आखूड वाटेल. ती मुद्दाम कापली आहे, का ते जुन्या फौजींनी विचारू नये. तटाच्या वर, जरा उजवीकडे, एक हिरवट खिडकी आहे. मी उभा राहिल्यापासून ती अंधारी होती. चौदा फोटो तिच्याशिवाय गेले, या पंधराव्यात ती लागली. खाली उतरलो तेव्हा आउटपासचे चाळीसच मिनिटं उरली होती आणि टॅक्सीवाला दुप्पट मागत होता.