चुन्याआडचा चित्रकार

डेन्मार्क म्हटले की आपल्याला आठवते ते लोणी, नाही तर हान्स अँडरसनची जलपरी. कोपनहेगनला धाकट्या भावाकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा ती जलपरी आम्हीही पाहिली, आणि पाच मिनिटांत पाहून झाली. वाचकांना आज न्यावयाचे आहे ते दक्षिणेकडील म्योन नावाच्या बेटावर. वॉर्डिंगबोर्गपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. १९४३ साली मोठा पूल झाल्यापासून बेटावर जावयास होडी लागत नाही, त्यामुळे सौ.ची होडीत बसण्याची हौस राहूनच गेली.

म्योनची ख्याती आहे ती पूर्व टोकाच्या खडूच्या कड्यांमुळे. समुद्रातून सव्वाशे मीटर उंच उठलेले ते पांढरेशुभ्र कडे पाहावयास प्रवाशांची रीघ लागते. आम्ही मात्र नेमके उलट दिशेला, नैर्ऋत्येकडील फानेफ्योर्डच्या चर्चकडे वळलो. चौफेर शेते, मधे एक टेकाड, त्यावर पांढऱ्या भिंतींची आणि तांबड्या कौलांची ती एकटीच इमारत. पलीकडे ग्रोन्सुंडच्या सामुद्रधुनीचे निळे पाणी. बांधकाम तेराव्या शतकातले, विटांचे. बाहेरून पाहिले तर नीटनेटके, सोज्वळ, आणि खरे सांगायचे तर थोडे कंटाळवाणे.

आत पाऊल टाकले, आणि वर गेलेली मान खाली येईना! छताच्या कमानींमधली एकूण एक त्रिकोणी जागा चित्रांनी भरून गेली होती. विटकरी, गेरूसारखा तांबूस, पिवळा, हिरवा, करडा असे मातीतून उचलल्यासारखे रंग. माणसांमध्ये मोकळी जागा उरली की तेथे चांदण्या आणि वेलबुट्टी. एकीकडे आदम आणि ईव्ह, दुसरीकडे ख्रिस्ताचा जन्म, पुढे अखेरचा न्याय. मायकेल हा देवदूत तराजूत माणसाचा आत्मा तोलतो आहे आणि मेरीमाता पारड्याला हळूच हात लावून बिचाऱ्याच्या बाजूने झुकते माप देते आहे. आईने करावे तेच ती करते!

ही चित्रे सुमारे १५०० सालची. काढणाऱ्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. याच बेटावरील एल्मेलुंडे आणि केल्बी येथल्या चर्चमध्ये आणि शेजारच्या फाल्स्टर बेटावरही हाच हात ओळखू येतो. म्हणून अभ्यासक त्याला ‘एल्मेलुंडेचा चित्रकार’ म्हणतात. एल्मेलुंडेला त्याने स्वर्गातून हाकललेला आदम काढला आहे तो घोडे जुंपून चाकांचा नांगर हाकताना. बायबलात असा नांगर कोठून येणार? तो म्योनच्या शेतकऱ्याचा. आपला नांगर छतावर पाहून त्या शेतकऱ्याला आदम हा आपल्यातलाच कोणी वाटला असेल.

त्याच्या माणसांचे चेहरे मात्र चमत्कारिक. अर्धवट मिटल्या पापण्या, ना हसू ना आसू. मारणाऱ्याचा चेहरा तोच आणि मार खाणाऱ्याचाही तोच. प्रथम मला हे कौशल्याचे उणेपण वाटले. तासभर पाहत राहिल्यावर वाटले, की याने भाव चेहऱ्यावर न ठेवता हातांत ठेवले आहेत. उरलेले बोलावयास खाली धर्मोपदेशक होताच.

एका कोपऱ्यात दोन बायका डोक्याला डोके लावून कुजबुजत आहेत आणि जवळच एक अक्राळविक्राळ सैतान कान देऊन आहे. त्याचे नाव टुटिव्हिलुस. चर्चमध्ये लोक जी वायफळ बडबड करतात ती टिपून ठेवणे, हे मध्ययुगीन समजुतीप्रमाणे त्याचे काम. अक्षरशत्रू भाविकांसाठी काढलेल्या या चित्रांत लेखनिकाची नोकरी कोणाला मिळाली, तर सैतानाला! मराठीच्या प्राध्यापकाने यावर काय बोलावे? सौ. मात्र गप्प बसली नाही. “अहो, दोन्ही बायकाच का काढल्यात? पुरुष मुकाट्यानं बसायचे वाटतं?”

१५३६ साली डेन्मार्कने ल्यूथरचा पंथ स्वीकारला. चित्रांपेक्षा शब्द मोठा ठरला, आणि पुढे या चित्रांवर चुन्याचे हात बसले. शब्दावरच पोट भरणारा मी. त्या सुधारकांची बाजू मला कळत नाही असे नाही. आपल्या भाषेत धर्मग्रंथ ऐकावयास मिळणे ही काय लहान गोष्ट आहे? पण ज्याला वाचता येत नव्हते, त्याची छतावरची पोथी मिटली गेली, हेही तितकेच खरे.

आता गंमत पाहा. दिवाळीपूर्वी घराला सफेदी दिली म्हणजे भिंतीवरची मुलांची चित्रकला कायमची गेली असे आपण समजतो. येथे उलट झाले. ही चित्रे मुळात चुन्यावरच काढलेली. डॅनिश भाषेत त्यांना म्हणतातच ‘काल्कमालेरी’, आणि ‘काल्क’ म्हणजे चुना. वर चढलेल्या थरांनी मेणबत्त्यांची काजळी आणि उजेड अडवून धरला. १९३०च्या दशकात जाणकारांनी ते थर हलक्या हाताने खरवडून काढले, तेव्हा आदम-ईव्हपासून टुटिव्हिलुसपर्यंत सारी मंडळी पुन्हा उजेडात आली. ज्यांनी त्यांना पुसले, त्यांनीच राखले. चित्रे उघडीच राहिली असती, तर पुढच्या पिढ्यांनी आपापल्या आवडीप्रमाणे त्यांवर रंग चढवले नसते कशावरून?

निघण्यापूर्वी एक खूण शोधावयाची होती. बराच वेळ मान मोडून घेतल्यावर ती सौ.लाच सापडली. काही रेघांची एक लहानशी आकृती, माणसासारखी, पण कान सशासारखे लांब. ही त्या चित्रकाराची सही असावी, असा तर्क आहे. मी ती वहीत उतरवून घेतली आणि खाली तारीख घातली. नाव कोणाचे घालणार?